नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काय? मुंबई उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल आणि कलम 20

आवकजावक
मे 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रणजितकुमार रजक विरुद्ध स्टेट बँक या प्रकरणात निकाल दिला. प्रोबेशनरी अधिकारी म्हणून निवड झालेल्या उमेदवाराचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं, म्हणून बँकेने त्याला वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवलं. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. त्या वेळी लागू असलेल्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त सात प्रकार होते आणि मूत्रपिंडाचा आजार त्यांत नव्हता. तरीही न्यायालयाने भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा आधार घेतला आणि वाजवी सोय करून माणूस काम करू शकतो का, हे मालकाने पाहिलंच पाहिजे असं सांगितलं. सोय करणं आपल्याला अवाजवी जड जातं असं मालकाचं म्हणणं असेल, तर ते त्याने सिद्ध करायचं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही कल्पना थेट आली. कलम 2(वाय) मध्ये वाजवी सोयीची व्याख्या आहे आणि कलम 20(2) प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेने ती पुरवायची आहे. कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. तरीही आस्थापना शाखांमध्ये (कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद पाहणाऱ्या शाखांमध्ये) आजही पहिला प्रश्न येतो तो ‘हा माणूस आता काम करू शकेल का?’ हा. कायदा विचारतो, ‘काय केलं तर हा माणूस काम करू शकेल?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर कसं आणायचं, त्यासाठी हा धागा. माहीतगारांनी भर घालावी.

कायदेकानू
चांगला विषय. दोन गोष्टींची गल्लत होते, त्या आधी वेगळ्या करू.

20(2) म्हणजे सोय. माणूस आहे त्याच पदावर राहतो, काम करण्याची पद्धत, जागा, साधन किंवा वेळ बदलते.

20(4) म्हणजे संरक्षण. सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. मूळ पद झेपत नसेल तर दुसऱ्या पदावर न्यायचं, वेतनश्रेणी आणि सेवेचे लाभ तेच ठेवून. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी होईल तोवर, अधिसंख्य पदावर (मंजूर पदांपेक्षा जादा, त्या माणसासाठीच तयार केलेल्या पदावर) ठेवायचं. ‘आमच्याकडे जागा नाही’ या उत्तराला इथे वावच नाही, कारण जागा नसेल तर काय करायचं तेही कलमातच लिहिलं आहे.

अर्ज करताना दोन्ही कलमं लिहावीत आणि क्रमही हाच ठेवावा. आधी 20(2), ते शक्य नसेल तर 20(4). बरेच जण थेट ‘हलकं काम द्या’ असा अर्ज करतात. मग कार्यालय त्यांना शिपायाच्या कामावर बसवतं आणि ‘तुम्हीच मागितलं होतं’ म्हणतं. अर्जात ‘हलकं काम’ हा शब्द नको. ‘समान वेतनश्रेणीतील समकक्ष पद’ असं लिहा.

सह्यकडा
‘सरकारी आस्थापना’ म्हणजे फक्त मंत्रालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय का? महामंडळं, नगरपालिका, अनुदानित शाळा यांचं काय?

कायदेकानू
सगळी येतात. कलम 2(के) वाचा. केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं महामंडळ, सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीची, नियंत्रणाखालची किंवा अनुदानित संस्था, सरकारी कंपनी. त्यामुळे एसटी, वीज कंपन्या, महापालिका, जिल्हा परिषद, राष्ट्रीयीकृत बँका, अनुदानित शाळा-महाविद्यालयं सगळी आत. अनुदानित शाळेचं व्यवस्थापन ‘आम्ही खासगी संस्था’ म्हणतं, ते या कलमापुरतं चालत नाही.

एक अपवाद माहीत असू द्या. कलम 20 मधून सूट देण्याची तरतूद आहे आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतली लढाऊ पदं अशी वगळली. तिथल्या कर्मचाऱ्याचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं, ते इथल्या चौकटीत बसवू नये.

मूळवेतन
माझ्या मते निम्मी प्रकरणं वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर बिघडतात. त्यातही दोष बहुतेक वेळा मंडळाचा नसतो, कार्यालयाने मंडळाला पाठवलेल्या पत्राचा असतो.

पत्रात एकच ओळ असते: ‘सदर कर्मचारी शासकीय सेवेस योग्य आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’ मंडळासमोर पाय गेलेला वाहनचालक उभा आहे, फाइलवर पदनाम ‘वाहनचालक’ आहे. ते लिहितात ‘सेवेस कायमस्वरूपी अयोग्य’. खरं तर त्यांना म्हणायचं असतं ‘वाहन चालवण्यास अयोग्य’. या शब्दांच्या फरकावर आस्थापना शाखा रुग्णता निवृत्तिवेतनाचा (वैद्यकीय कारणाने सेवा संपवून दिल्या जाणाऱ्या निवृत्तिवेतनाचा) प्रस्ताव तयार करते आणि फाइल पुढे निघते.

म्हणून मंडळाकडे जाणाऱ्या पत्रात हे प्रश्न असायला हवेत:

– सध्याच्या पदाच्या कर्तव्यांपैकी (यादी सोबत जोडून) कोणती कर्मचारी करू शकतो, कोणती नाही?
– कोणतं साधन किंवा बदल मिळाल्यास न जमणारी कर्तव्यं जमतील?
– बैठं काम, संगणकावरचं काम, अभिलेख कक्ष, नियंत्रण कक्ष, दूरध्वनी यांपैकी काय करू शकतो?
– अपंगत्व कायमचं आहे की सुधारणा शक्य आहे? फेरतपासणी केव्हा?

कार्यालय असं पत्र देत नसेल तर कर्मचाऱ्याने हेच प्रश्न स्वतःच्या अर्जात लिहावेत, आवक शिक्का मारून पोच घ्यावी आणि त्याची प्रत तपासणीच्या दिवशी मंडळापुढे ठेवावी. कर्तव्यसूची नसेल तर माहिती अधिकारात मागवावी. प्रमाणपत्र आलंच ‘सेवेस अयोग्य’ असं, तर गप्प बसू नये. लगेच लेखी विचारावं की हा अभिप्राय मूळ पदापुरता आहे की सर्व पदांसाठी. आदेश निघाल्यानंतर विचारलं तर फार उशीर होतो.

आवकजावक
वा, हे फार महत्त्वाचं. कुणाल सिंग निकालात (सर्वोच्च न्यायालय, 2003) हाच पेच होता. कॉन्स्टेबलचा डावा पाय कापावा लागला, मंडळाने अपात्र ठरवलं, रुग्णता निवृत्तिवेतन सुरू झालं आणि हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि निवृत्तिवेतन मिळतंय म्हणून संरक्षण संपत नाही असं स्पष्ट केलं. ते जुन्या कायद्याचं कलम 47 होतं, आजचं 20(4) त्याच जागी आहे.

सह्यकडा
रंगांधळेपणाचं काय? एसटीच्या चालकांमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. 2016 च्या कायद्याच्या यादीतल्या 21 प्रकारांत रंगांधळेपणा नाही.

कायदेकानू
यादीत नाही, बरोबर. पण 1 ऑगस्ट 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा, तेलंगण राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या चालकाचा. 2014 मध्ये नेमणूक, नंतर तपासणीत रंगांधळेपणा निघाला, पर्यायी काम न देता सेवा संपवली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने महामंडळाची बाजू घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी पदावर घेण्याचा आणि मधल्या काळातल्या थकबाकीचा 25 टक्के भाग देण्याचा आदेश दिला.

त्यातला धडा असा की तो निकाल मुख्यतः 1979 च्या कराराच्या कलमावर उभा आहे. रंगांधळ्या चालकाला पर्यायी काम द्यायचं, हे कामगार संघटनेबरोबरच्या करारात लिहिलेलं होतं आणि असा करार तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली बंधनकारक होता. आपल्याकडेही महामंडळ, वीज, बंदर, महापालिका अशा ठिकाणी जुने करार आहेत. फक्त दिव्यांग कायदा हातात घेऊन बसू नका. संघटनेच्या कपाटातून 1970-80 च्या दशकांतले करार काढून ‘पर्यायी काम’, ‘वैद्यकीय अपात्रता’ हे शब्द शोधा. कायद्याच्या यादीत न बसणाऱ्या माणसाला कधी कधी तेच वाचवतं.

गोदाकाठ
अर्जासाठी 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतंच ना? त्याखाली काही मिळत नाही असं कार्यालयात सांगतात.

ब्रेलपाटी
नाही, आणि ही चुकीची समजूत फार नुकसान करते. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, उदाहरणार्थ कलम 34 चं 4 टक्के आरक्षण. कलम 20 मध्ये टक्क्यांची अट कुठेच नाही. फेब्रुवारी 2021 च्या विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फोड करून सांगितलं: लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक हवा होता, त्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. सोय ही त्या माणसाच्या गरजेप्रमाणे, त्याच्याशी बोलून ठरवायची, हेही त्यातच आहे. टक्का 28 आला म्हणून अर्ज मागे घेऊ नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) 40 टक्क्यांखालीही निघतं, ते काढून सेवापुस्तकात नोंद करून घ्या.

सोयींबद्दल थोडं, कारण ‘वाजवी सोय’ म्हटलं की लोकांना लाखोंचा खर्च दिसतो. दृष्टिहीन लिपिकाचं उदाहरण घ्या. स्क्रीन वाचणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मराठीही वाचतं. अडतं ते दुसरीकडेच. कार्यालयातली निम्मी टिपणं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना तिथे ‘कार्यालयीन आदेश’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते आणि सॉफ्टवेअर तीच वाचतं. दुसरा अडथळा स्कॅन केलेल्या परिपत्रकांचा. ते चित्र असतं, त्यात वाचायला अक्षरं नसतात.

उपाय: विभागप्रमुखाचं एक पानी परिपत्रक, की सर्व टिपणं युनिकोडमध्येच होतील आणि सही केलेल्या स्कॅन प्रतीसोबत मूळ फाइलही पाठवली जाईल. खर्च शून्य. अर्जात ‘संगणकाची सोय करावी’ असं मोघम लिहू नका, हे असं नेमकं लिहा. मोघम मागणी फेटाळायला सोपी असते.

बायोमेट्रिक हजेरीचंही तसंच. कुष्ठमुक्त व्यक्तीच्या किंवा बोटं गमावलेल्या कामगाराच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मग महिनाअखेर गैरहजेरी लागून पगार कापला जातो. कार्ड किंवा चेहरा ओळखणारं यंत्र मागा, ते येईपर्यंत हजेरीपटावर सही. बहिऱ्या कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी पहिल्या तारखेपासून मागा. दुभाष्याविना झालेली चौकशी न्यायालयात टिकवणं कठीण जातं, हे चौकशी अधिकाऱ्यालाही सांगा.

ओळंबा
उतारपट्टीबद्दल, कारण बांधकाम विभाग हमखास चुकतो. प्रमाण 1:12. म्हणजे 15 सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ 45 सेंटीमीटर, उतार किमान 5.4 मीटर लांब. प्रत्यक्षात जागा वाचवायला दीड-दोन मीटरमध्ये उरकतात. त्यावर चाकाची खुर्ची मदतीशिवाय चढत नाही आणि उतरताना पुढे कलंडते. रुंदी 1200 मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापुढे सपाट जागा. दार उताराच्या टोकालाच उघडत असेल तर खुर्ची थांबवायची कुठे? दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी, चौकटीची नव्हे. खुर्ची वळायला 1500 मिलिमीटर व्यासाची जागा लागते. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं हवं, नाहीतर आत खुर्ची गेल्यावर ते बंदच होत नाही.

काम तपासायला मोजपट्टी पुरते. उतार चकचकीत ग्रॅनाइटचा केला असेल तर पावसाळ्याआधी तो बदलून घ्या.

जुनी इमारत आहे, उतार शक्यच नाही, असं उत्तर आलं तर त्या कर्मचाऱ्याची शाखा तळमजल्यावर आणण्याची मागणी करा. टेबल हलवायला अंदाजपत्रक लागत नाही.

मूळवेतन
खर्चावरून आठवलं. केंद्राच्या 2017 च्या नियमांत, नियम 3 मध्ये, साफ लिहिलंय की वाजवी सोयीचा खर्च, पूर्ण किंवा अंशतः, दिव्यांग व्यक्तीवर लादता येणार नाही. ‘सॉफ्टवेअर तुम्ही आणा, आम्ही वापरू देऊ’ हे उत्तर चालत नाही.

आता रजा आणि पगार. अपघात किंवा आजार झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे होतं: अर्जित रजा संपते, अर्धपगारी संपते, मग असाधारण (बिनपगारी) रजा आणि त्यानंतर ‘अनधिकृत गैरहजर’ असा शेरा. हा शेरा पडला की अपंगत्वाची फाइल शिस्तभंगाची होते. म्हणून रजा संपण्याच्या किमान महिनाभर आधी कलम 20 चा अर्ज द्या आणि त्यात ‘मी कामावर येण्यास तयार आहे’ हे वाक्य लिहाच. एकच वाक्य आहे, पण नंतर पगाराचा प्रश्न आला की त्याच वाक्याच्या तारखेपासून मागणी करता येते. कामावर घेतलं नाही तर दर महिन्याला हजर राहून हजर झाल्याचं पत्र आवकमध्ये द्या.

आणि स्वेच्छानिवृत्ती. दवाखान्यात असलेल्या माणसाला ‘अर्ज करा, मुलाला नाहीतर बायकोला लावून घेऊ’ असं सांगितलं जातं. सही करू नका. झालीच असेल तर भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ (2008) वाचा. दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्याने आपले हक्क माहीत नसताना निवृत्ती मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्याला कायदा समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं, आणि त्याला सेवेत परत घ्यायला लावलं.

गोदाकाठ
पदाचा मुद्दा राहतोय. अधिसंख्य पदाला वित्त विभागाची मंजुरी लागते, ती यायला वर्ष जातं. तोवर पगार कशाच्या आधारे काढायचा?

कायदेकानू
मंजुरी ही सरकारची अंतर्गत प्रक्रिया आहे. कर्मचाऱ्याचा हक्क कायद्यातून येतो, मंजुरीच्या तारखेपासून सुरू होत नाही. व्यवहारात दोन अर्ज एकदम द्यावेत: अधिसंख्य पदाच्या प्रस्तावाचा, आणि प्रस्ताव मंजूर होईपर्यंत मूळ पदावरूनच वेतन काढण्याचा. जो माणूस कायद्याने सेवेतून गेलेलाच नाही, त्याचं मूळ पद ‘रिक्त’ दाखवून भरण्याची घाई करू नका असंही त्यात लिहा. पद भरलं गेलं की वेतन काढण्याचा साधा मार्ग बंद होतो.

पायवाट
दाद कुठे मागायची, याबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. बरेच जण ‘उच्च न्यायालयात जा’ सांगतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला थेट तिथे जाता येत नाही, आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). केंद्रीय कर्मचाऱ्याला कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). दोन्हीकडे आदेशापासून एक वर्षाची मुदत. विभागाकडे अपील केलं आणि उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. नुसती स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. अनुदानित शाळेतून सेवा संपवली असेल तर शाळा न्यायाधिकरणात फक्त 30 दिवस. एसटी किंवा तत्सम ठिकाणी अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायची तर 90 दिवस. जिल्हा परिषद कर्मचारी मॅटच्या कक्षेत नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालय.

यांच्या आधी किंवा सोबत कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी, कलम 23. तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची असं कलम सांगतं. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. तो अधिकारी नेमलेलाच नसेल तर तसं लेखी घ्या, पुढे उपयोगी पडतं.

ब्रेलपाटी
दिव्यांग आयुक्तांचा मार्ग का वगळला? पुण्याला अर्ज करता येतो, वकील लागत नाही.

पायवाट
वगळला नाही, मर्यादा सांगायची होती. आयुक्त कागद मागवू शकतात, साक्षी घेऊ शकतात आणि त्यांच्या पत्राने अनेक कार्यालयं हलतात. पण त्यांचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, आणि स्थगिती देण्याचा अधिकार त्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली 2010 मध्येच सांगितलं आहे. म्हणून सोयीची मागणी असेल तर आयुक्त उत्तम. बडतर्फीचा किंवा निवृत्तीचा आदेश हातात पडला असेल तर मुदत मोजत न्यायाधिकरणात जा, आयुक्तांकडच्या तारखांवर ते वर्ष घालवू नका.

सह्यकडा
आणि खासगी कंपनी?

कायदेकानू
तिथे संरक्षण तोकडं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. 20(2) आणि 20(4) दोन्ही सरकारी आस्थापनांपुरती. खासगी मालकावर कलम 3 चा भेदभावबंदीचा नियम आणि कलम 21 चं समान संधी धोरण लागू होतं. 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर धोरणात सोयी, पदं, निवड, प्रशिक्षण, बदली, रजा आणि संपर्क अधिकारी हे सगळं लिहावं लागतं, ते संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावावं लागतं आणि आयुक्तांकडे नोंदवावं लागतं. पहिली पायरी म्हणून मनुष्यबळ विभागाकडे त्या धोरणाची प्रत लेखी मागा. ते नसेल तर कायद्याचा भंग तिथेच दिसतो, कलम 89 प्रमाणे पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे. असेल तर त्यातलंच वाक्य उचलून मागणी करा. भेदभावाची तक्रार आल्यावर प्रमुखाने एकतर कारवाई करायची किंवा आपली कृती का योग्य आहे ते लेखी कळवायचं, असं केंद्राच्या नियमांत आहे. ते लेखी उत्तर मिळवणं हेच खासगीतलं सर्वांत उपयोगी पाऊल.

गोदाकाठ
बदली आली तर?

आवकजावक
केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 31 मार्च 2014 चं कार्यालयीन ज्ञापन आहे, फिरत्या बदल्यांतून शक्यतो सूट देण्याबद्दल. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये इरकॉन या रेल्वेच्या सरकारी बांधकाम कंपनीतल्या एका दिव्यांग कर्मचाऱ्याची छत्तीसगडला झालेली बदली रद्द केली, तीही वाजवी सोयीच्याच तत्त्वावर. बदलीच्या अर्जाला उपचार घेत असलेल्या रुग्णालयाचं पत्र, नव्या ठिकाणाहून तशा उपचारांचं अंतर किलोमीटरमध्ये आणि नव्या कार्यालयाच्या प्रवेशद्वाराचा, पायऱ्यांचा फोटो जोडा. कार्यमुक्त होण्याआधी अर्ज आवकला गेला पाहिजे. एकदा रुजू झालं की ‘जमतंय की’ असंच उत्तर येतं.